बारावी बाटली

मुकादमाला या चमत्कारातून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी चकित व्हायला नको. कोठीमागच्या दोन खोल्या त्याच्या मेहुण्याला मिळणार होत्या. कोठीची किल्ली त्याच्या स्वतःच्या कमरेला लागणार होती. आणि निळीचे सात डबे कुठे गेले, हा प्रश्न पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. साक्षीबुवाला मिळणार होतं ते निराळं. आमच्यानंतर सगळी गल्ली त्याची गिऱ्हाईक होणार होती. चोरी कधीतरी होते, संशय घरोघरी रोज होतो. म्हणजे बुवाचा धंदा मुकादमापेक्षा टिकाऊ.

उरली कोठीवाली मावशी. तिला या सगळ्यातून काहीच मिळण्यासारखं नव्हतं. आणि जिला काही मिळायचं नसतं, तिच्याच पदरात सगळं टाकायचं अशी जगाची वहिवाट आहे.

आमचा कापड रंगवायचा कारखाना. पुढे कचेरी, मध्ये निळीचे हौद, मागे कापड वाळवायचं अंगण आणि अंगणाच्या टोकाला कोठी. कोठीत रंग, चुना, कॉस्टिक सोडा. नवरा गेल्यापासून कोठी मावशी सांभाळायची आणि मागच्या दोन खोल्यांत सासूला घेऊन राहायची. काम सुटलं की खोल्या सुटणार, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. सासू ठार बहिरी. तिला अंगणापलीकडे घर नव्हतं आणि मावशीलाही नव्हतं.

निळीचे सात डबे कमी भरले. बाईसाहेबांनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी मान हलवली. मग मुकादम म्हणाला, "बाईसाहेब, पोलीस आले की कारखान्याचं नाव जातं. माझ्या ओळखीचे एक बुवा आहेत. त्यांचं पाणी साक्ष देतं."

"पाणी साक्ष देतं म्हणजे?"

"चोराच्या हातात निळं होतं."

कापड निळं करून पोट भरणाऱ्या कारखान्यात पाणी निळं होण्याचं कौतुक कुणाला वाटावं, असं तुम्हाला वाटेल. वाटलं. सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, मी तिथे कारकून होतो, मला शहाणा समजत.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात ओळी लावून माणसं उभी राहिली. शेजारच्या दुकानांतून लोक आले, भिंतीवर पोरं बसली, कापडवाला व्यापारी खुर्ची घेऊनच आला. साक्षीबुवा रंगाच्या पालथ्या पिंपावर बसला होता. पांढरे कपडे, पांढरी दाढी, आणि बोटांची टोकं सोललेली. ती तपश्चर्येने सोलली असं त्याने स्वतःच सांगितलं. समोर फळीवर बारा बाटल्या. आत पाणी, स्वच्छ, नितळ. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला चार बोटं रुंद कागदाची पट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीवर एकेकाचं नाव.

"पाण्याला पोट नाही," बुवा म्हणाला, "म्हणून पाण्याला लोभ नाही. पाण्याला जीभ नाही, म्हणून पाणी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो आणि फसतो, पाणी गप्प राहतं आणि सांगतं."

"वा," कापडवाला म्हणाला. त्याला दर वाक्याला वा म्हणायची सवय होती. गिऱ्हाईक भाव पाडून मागत असलं तरी म्हणायचा.

"बाटली घ्यायची. आपल्या मनातली गोष्ट आठवायची. दहा वेळा जोराने हलवायची. निर्मळ मनाला पाणी निर्मळ. बाकी काय ते दिसेलच. झाकण मात्र कुणी उघडायचं नाही. उघडलं की पुण्य उडून जातं."

मान म्हणून पहिली बाटली बाईसाहेबांची. त्यांनी हलवली. पाणी जसंच्या तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जणू मालकीणबाईंनी स्वतःचेच डबे चोरले नाहीत हे कळून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग मुकादमाने हलवली, नितळ. मी हलवली, नितळ. खरं सांगतो, कचेरीतली दोन पेनं मी घरी नेली होती आणि हलवताना ती मला सारखी आठवत होती. पाण्याने ती मनावर घेतली नाहीत. मग निळे काका. ते आमचे हौदावरचे जुने रंगारी. चाळीस वर्षं नीळ कालवून हात कोपरापर्यंत निळे झालेले, म्हणून हे नाव. त्यांच्या निळ्या हातातही पाणी नितळच. मग बाकीचे सात जण. सगळ्यांचं नितळ.

बारावी मावशीची.

तिने बाटली घेतली, पदराने हात पुसले आणि हलवली. खळखळ आवाज झाला. आणि पाणी निळं झालं. असं तसं निळं नाही, आमच्या हौदातून नुकत्याच निघालेल्या चादरीसारखं गडद.

बुवाने डोळे मिटले.

"खाली ठेवा, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "बघा आता."

मावशीने बाटली फळीवर ठेवली. शंभर मोजेपर्यंत निळं विरत गेलं आणि पाणी पुन्हा नितळ झालं.

"पाप लाजलं," बुवा म्हणाला. "आत दडून बसलं. पुन्हा हलवा."

पुन्हा खळखळ. पुन्हा निळं. तिसऱ्यांदाही तेच. मध्येच एकदा बुवाने स्वतः झाकण क्षणभर सैल केलं आणि लावलं. "कोंडलेल्या पापाला श्वास द्यावा लागतो," म्हणाला. कापडवाला वा म्हणाला.

"मी काही घेतलेलं नाही," मावशी म्हणाली. एवढंच. ती कुणाकडे बघून बोलली नाही, कारण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं; सगळे बाटलीकडे बघत होते.

सासूने शेजारणीला कोपराने ढोसलं. "काय म्हणतायत?"

शेजारणीने खुणेने सांगितलं. म्हातारी उठून उभी राहिली.

"माझी सून चोर? ती मला चहात साखर घालते ती दाणे मोजून. स्वतःच्या घरातलं जिला सुटत नाही, ती दुसऱ्याचं कशाला धरेल?"

लोक हसले. हसण्याने निकाल बदलत नाही. बाईसाहेबांनी किल्ली मागून घेतली आणि शनिवारपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. मंगळवार होता. बुवाने सांगितलं, निर्दोषांनी आपापली बाटली घरी न्यावी, उशाशी ठेवावी, न उघडता. आम्ही अकरा जण आपापलं प्रमाणपत्र काखेत मारून निघालो. मावशीची बाटली पुरावा म्हणून कचेरीत, बाईसाहेबांच्या टेबलावर. बुवा तिथेच मुक्कामाला राहिला, कारण कापडवाल्याला सकाळी सून तपासून घ्यायची होती, आणि त्याच्यामागे आणखी चौघांना बायका.

संध्याकाळी हौदांवर झाकणं टाकून निळे काका कचेरीत किल्ल्या द्यायला आले. नेहमीप्रमाणे किल्ल्या खिळ्याला लावल्या आणि तिथेच थबकले.

"कारकूनसाहेब, इकडे या जरा."

मी गेलो. ते मावशीच्या बाटलीत वाकून बघत होते. कागदाची पट्टी एका कडेने सुटली होती.

"ही बाटली पूर्ण भरलेली नाही."

"नसेल."

"तिसरा हिस्सा रिकामी आहे. आणि वर बघा. पाण्याच्या तोंडाशी."

मी बघितलं. पाणी खालपर्यंत नितळ होतं. पण जिथे ते बाटलीतल्या हवेला टेकत होतं, तिथे निळी साय धरली होती. केसाएवढी पातळ.

"ही मी रोज सकाळी काढतो," काका म्हणाले. "हौदाचं झाकण उघडलं की वर हीच असते. आत पिवळं, वर निळं. वारा लागला की नीळ निळी होते, नाहीतर होत नाही. म्हणून तर हौद काठोकाठ भरतो. म्हणून कापड बुडवताना हलक्या हाताने बुडवतो, पाणी हिंदकळू देत नाही. नव्या पोराने हौद ढवळला तर मी त्याच्या..." ते बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या बाटल्यांचा आवाज आला होता का हो?"

नव्हता आला. अकरा बाटल्या मुक्या होत्या आणि बारावी खळखळली होती, आणि अंगणभर कान असताना ते कुणाला ऐकू आलं नव्हतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं, अर्थासकट.

काकांनी खिशातून आपली बाटली काढली. पट्टी फाडली. बाटली बुचापर्यंत भरलेली, आत हवेचा बुडबुडासुद्धा नाही. त्यांनी झाकण उघडलं.

"काका, पुण्य उडेल."

"उडू दे. जागा तर होईल."

त्यांनी तिसरा हिस्सा मोरीत ओतला, झाकण लावलं आणि हलवली. खळखळ. गडद निळी.

निळे काका स्टुलावर बसले. मी नोकरीला लागल्यापासून त्यांना कारखान्यात बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मी रोज चाळीस वेळा हे बघतो," ते म्हणाले. "आणि आज टाळ्या वाजवल्या."

सकाळी मावशीने भांडी पेटीत भरून पेटी दारात आणून ठेवली होती. अंगणात कालच्याहून जास्त गर्दी. कापडवाल्याची सून मान खाली घालून उभी होती, तिच्या शेजारी पाच नव्या बाटल्या मांडलेल्या. बुवा न्याहारी करत होता. काका हौदावरून आले ते थेट बाईसाहेबांपुढे.

"बाईसाहेब, कालची बाटली आणली का?"

"उशाशी होती. आणली."

"हलवा."

त्यांनी हलवली. नितळच, फक्त रात्रीत किंचित पिवळसर झालेली.

"आता झाकण काढा आणि थोडं जमिनीवर ओता. जपून, हाताला लागू देऊ नका, चावतं ते."

बुवा ताडकन उठला. "उघडायचं नाही. मी सांगितलं होतं."

"का हो बुवा? सत्य सांडतं का?"

"श्रद्धा नसेल तर पाणी कोपतं."

"कोपू दे. मावशीवर काल कोपलंच आहे, एकटीवर कशाला?"

बाईसाहेब बाई कठीण, पण कुणी अमुक करू नका म्हटलं की त्यांना ते केल्यावाचून राहवत नसे. त्यांनी झाकण काढलं, ओतलं, झाकण लावलं, हलवली. खळखळ. बाईसाहेबांच्या हातात पाणी निळंशार झालं.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. बहिऱ्या माणसाचा, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"अगंबाई, मालकीणबाई. मग डबे ठेवलेत कुठे?"

आधी भिंतीवरची पोरं हसली, मग सगळं अंगण. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापली ओता."

सगळ्यांनी ओतली. मी ओतली. मुकादमाने आपली पाठीमागे धरली होती, ती सात जणांनी मिळून पुढे आणली. अंगणात निळ्याच निळ्या बाटल्या. सात डब्यांना बारा चोर. मग काकांनी मावशीची बाटली घेतली, दुसऱ्या बाटलीतलं पाणी ओतून काठोकाठ भरली, बूच लावलं आणि निळं विरेपर्यंत थांबले. मग ती तिच्या हातात दिली.

"हलव, मावशी."

तिने हलवली. आवाज नाही. रंग नाही.

"हं," काका लोकांकडे वळले. "हिचं पाप गेलं. कुठे गेलं? बाटलीत हवेला जागा राहिली नाही, म्हणून गेलं." त्यांनी पांढऱ्या कापडाची चिंधी हौदात बुडवून वर काढली. हिरवट पिवळी. वाऱ्यावर धरली. बघता बघता ती निळी झाली. "आता सांगा, या चिंधीने काय चोरलंय?"

"पण चिंधीचा निळा परत जात नाही," बुवा म्हणाला. त्याचा आवाज अजून भरदार होता. तो त्याच्या दाढीत राहत असावा. "माझ्या पाण्यातला जातो. तो कोण नेतो?"

"पिशवी दाखवा, सांगतो."

बुवाने पिशवी छातीशी धरली. कापडवाल्याच्या सुनेने, जी आतापर्यंत मान वर करत नव्हती, ती त्याच्या हातातून ओढून फळीवर उपडी केली. अशक्तपणावर घ्यायची ग्लुकोजची पावडर. कॉस्टिक सोड्याची पुडी. आणि काचेच्या पेटीत मासे पाळणारे लोक रोगावर घालतात ते निळं औषध, बोटाएवढ्या कुपीत.

"झालं," काका म्हणाले. "ग्लुकोजची साखर, कॉस्टिक आणि निळा रंग. हलवलं की हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो आणि रंग निळा होतो. ठेवून दिलं की साखर त्या रंगाचा निळेपणा काढून घेते, पाणी नितळ. पुन्हा हलवा, पुन्हा ऑक्सिजन. आतली हवा संपत आली की झाकण सैल करायचं. पापाला श्वास देतात म्हणे. आमच्या हौदात चुना आणि काकवी असते, तीही हेच करते, पण आम्ही तिला महाराज म्हणत नाही. आणि ती सोललेली बोटं तपश्चर्येची नाहीत, कॉस्टिकची आहेत. माझ्या पोरांची पण सोलतात. मी त्यांना हातमोजे देतो."

"आणि साखरेला हे काम कॉस्टिकशिवाय जमत नाही," काका पुढे म्हणाले आणि बाजूच्या टबात वाटी बुडवली. हौदातून काढलेलं कापड आम्ही त्या आंबट पाण्यात खळबळतो. त्यात व्हिनेगरचं आम्ल असतं, ते कापडातला चुना मारतं. काकांनी बुवाच्या नव्या पाच बाटल्यांतली एक घेतली, अर्धी ओतून दिली, त्यात वाटीभर आंबट पाणी घातलं आणि बुवाच्या हातात ठेवली.

"आता तुम्ही हलवा, बुवा."

बुवाने हलवली नाही, पण त्याचे हात थरथरत होते, तेवढं पुरलं. पाणी निळं झालं. शंभर मोजून झाले. दोनशे झाले. निळंच.

"कॉस्टिक मेलं, साखर बसून राहिली," काका म्हणाले. "सगळ्यांचं पाप पळालं, बुवा. तुमचं मुक्कामाला राहिलंय."

कापडवाला वा म्हणाला, आणि मग सुनेकडे बघून गप्प झाला.

भरदार आवाज तिथे संपला. बुवा मुकादमाकडे वळला. "मला काय विचारता? कुणाची बाटली कितपत भरायची, ते यांनी सांगितलं. मी फक्त भरल्या."

सत्याचा पुजारी खरं बोलला तो हा एकदाच, तोही दुसऱ्याला बुडवताना. मुकादमाच्या मेहुण्याने पलीकडच्या गल्लीत पत्र्याखाली स्वतःचा हौद घातला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने नीळ कुठून आणली हे कुणी विचारलं नव्हतं, कारण आमचा प्रश्न बाटल्यांना विचारून झाला होता. चार डबे तिथे सापडले, तीन कापडात गेले होते. कोठीमागच्या खोल्या त्याला का हव्या होत्या तेही कळलं. कोठीचं मागचं दार त्या खोल्यांत उघडतं.

आता कुणी काय भरलं ते सांगतो.

मुकादमाची नोकरी गेली. महिन्याने त्याला दुसरीकडे दुसरी मिळाली, कारण तो मालकांपुढे मान हलवायला चांगला होता. बुवाला आपल्या पाच बाटल्या तिथेच सोडून पायी जावं लागलं. तो कुठेतरी पुन्हा पिंपावर बसला असेल. तुमच्या अंगणात आला तर एवढंच करा: झाकण उघडायचं नाही असं जिथे सांगतात, तिथे आधी झाकण उघडा. ज्याचं पाणी खरं आहे त्याला तुमच्या बघण्याची भीती नसते. आणि एकाच्याच बाटलीचा आवाज येत असेल, तर ती धरलेल्या हाताकडे नंतर बघा, आधी बाटली कुणी भरली ते विचारा. यासाठी शाळा लागत नाही. निळे काका चौथीत शाळेतून बाहेर पडले होते. मी पदवीधर आहे.

बाईसाहेबांनी मावशीला किल्ली परत दिली. "घ्या," म्हणाल्या, "काम सुरू करा." तेवढंच. आम्ही बाकीच्यांनी तेवढंही म्हटलं नाही. आमचं काय गेलं? थोडं पाणी, जमिनीवर ओतलेलं.

मावशीने पेटी आत नेली, भांडी पुन्हा मांडली. ती अजून तिथेच आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी कोठी बंद करताना ती दोन माणसं हाक मारून दारात उभी करते आणि त्यांच्यासमोर निळीचे डबे एकेक करून मोजते. असं करायला तिला कुणीही सांगितलेलं नाही. कधी त्या दोघांत मी असतो. ती मोजते, मी मान हलवतो, आणि ती कुलूप लावते.